मिलिग्रॅम साहेबांच्या स्कूटरवरचा काटा

जबाब देणार : बाजारात सगळे 'काटेवाल्या वहिनी' म्हणतात त्या. वय ५३ वर्षे. धंदा : तराजू आणि वजनकाट्यांची दुरुस्ती. राहणार : दुरुस्तीच्या कारखान्यावरच्या मजल्यावर, सासूबाईंसह.

मी समक्ष पोलीस ठाण्यात, कोणी बोलावलेलं नसताना, स्वतःहून येऊन विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी राहते आणि खाली आमचा कारखाना आहे. कारखाना सासऱ्यांनी काढला, आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, वाढवला, मालक गेल्यापासून मी चालवते. हाताखाली दोन कारागीर आहेत. किराणावाल्यांचे, औषधवाल्यांचे, सोनारांचे, दवाखान्यातले, सगळ्या तऱ्हेचे काटे आमच्याकडे येतात. काही नवे काटे आम्ही विकतोही.

आज सकाळी कारखान्यासमोर भर रस्त्यात मी पोलिसांना एक वाक्य सांगितलं. ते असं की, 'हा काटा आमचाच आहे आणि आमच्याकडून तो कोणालाही दिलेला नाही.' त्यातलं पहिलं अर्धं खरं आहे. दुसरं अर्धं मला खरं वाटत होतं, पण ते खोटं निघालं. ते दुरुस्त करायला मी आले आहे. दुरुस्ती हा आमचा धंदाच आहे.

हवालदारांनी थोडक्यात सांगायला सांगितलं. थोडक्यात मी सकाळी सांगितलं होतं, आणि त्याचं काय झालं ते पलीकडच्या खोलीत बसलंय. म्हणून आता सविस्तर सांगते आणि माझ्याच शब्दांत लिहून घ्यावं अशी विनंती करते.

पलीकडच्या खोलीत वजनमापे निरीक्षक बसले आहेत. आम्ही दुरुस्त केलेला किंवा विकायला ठेवलेला प्रत्येक काटा त्यांनी तपासून मोहोर मारली तरच गिऱ्हाईकाकडे जातो. बाजारात त्यांना मिलिग्रॅम साहेब म्हणतात, कारण त्यांच्या नजरेतून तेवढंही सुटत नाही. हे नाव कौतुकाने पडलेलं नाही, वैतागून पडलेलं आहे. आमच्या कारखान्याकडून लहान बाळं तोलायचा काटा लाच म्हणून घेतला असा त्यांच्यावर आरोप आहे. त्यांच्या कचेरीतून दोनदा फोन येऊन गेला. निलंबनाचा कागद तयार आहे आणि तो माझ्या जबाबासाठी थांबला आहे, हे मला हवालदारांनीच सांगितलं. दोन वर्षांनी त्यांची निवृत्ती आहे. म्हणजे नोकरीही जाईल आणि जन्मभर सांभाळलेलं नावही जाईल, आणि ते माझ्या एका वाक्याने.

आमच्या कारखान्याची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कारखान्यात मालकाने बसायच्या खोलीला दार नाही. पूर्वी होतं. तेव्हाच्या एका निरीक्षकाला सासरे आत बसवून चहा द्यायचे. मग चहाबरोबर काहीतरी खायला आलं. मग त्याच्या घरच्या पंख्याची दुरुस्ती आली. मग एक दिवस त्याने दार ओढून घेतलं आणि मुलाच्या कॉलेजच्या खर्चाचा विषय काढला. सासरे 'आलोच' म्हणून उठले, स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि तो आत बसलेला असतानाच त्यांनी बिजागऱ्या सोडवून दार काढलं. त्याला म्हणाले, 'आता बोला साहेब, वारा बरा येतोय.' ते दार आम्ही टाकलं नाही. दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवून त्याचं टेबल केलं. आजही त्याच टेबलावर काटे उघडतो, त्याची कडी अजून तशीच आहे.

तेव्हापासून नियम असा की, सरकारी माणूस आला की त्याने पुढच्या बाकावर बसायचं, जे बोलायचं ते सगळ्यांना ऐकू येईल असं बोलायचं, आणि त्याला आम्ही पाणी देतो, चहा नाही. द्यायचं काहीच नाही, विकायचंही नाही. त्याच्याकडे आमचा माल तपासायला असताना आमच्याकडची सुईसुद्धा त्याला नगद पैशाने मिळत नाही. लोक हसायचे. चहालासुद्धा महाग असलेला कारखाना म्हणायचे. हसू देत.

पण एकट्या दुकानाने नाही म्हटलं तर त्याचा माल अडतो आणि शेजारच्याचा सुटतो. हे मालकांनी ओळखलं. ते बाजारातल्या सगळ्या काटेवाल्यांच्या दारोदार फिरले. सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं की अधिकाऱ्याला नाइलाजाने कामच करावं लागतं, हे त्यांचं म्हणणं. समजवायला वर्षं गेली. शेवटी संघटना झाली आणि कोपऱ्यावरचा एक सोडून सगळे एका शब्दावर आले की, कोणी काही द्यायचं नाही, आणि दिलं असं कळलं तर तो संघटनेतून बाहेर. या बाजारात गिऱ्हाईक डोळे मिटून माल घेतं ते त्या शब्दामुळे. आमच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही आहे : 'येथून कोणालाही काही मिळत नाही.' नवीन गिऱ्हाईक घाबरतं, मग आम्ही समजावून सांगतो.

कोपऱ्यावरचा काटेवाला मात्र आमच्यात आला नाही. त्याचा भंगारवाल्यांना काटे पुरवायचा धंदा होता आणि ते काटे भंगार विकणाऱ्या गरिबाच्या पोत्यातलं वजन खायचे. मिलिग्रॅम साहेबांनी ते सगळे एकदम जप्त केले. तेव्हापासून तो दात धरून होता. आज सकाळची तक्रार त्याची आहे.

आता परवाची हकीकत सांगते. मिलिग्रॅम साहेब परवा आमच्याकडे तपासणीला आले. सोनारांचे आणि औषधवाल्यांचे नाजूक काटे तयार होते. ते बाकावर बसले, पाणी प्यायले, आणि काम सुरू करण्याआधी उभे राहून मोठ्याने म्हणाले, 'वहिनी, एक खाजगी काम आहे, म्हणून मोठ्याने सांगतो.' कारागीर हसले. मग त्यांनी सांगितलं की, त्यांची मुलगी बाळंतपणाला त्यांच्याकडे आली होती, बाळ दिवस भरायच्या फार आधी झालं. आता घरी सोडलंय, पण रोज सकाळी वजन करायचं, आणि वाढत नसेल तर लगेच परत आणायचं असं डॉक्टरांनी बजावलंय. दवाखान्यातले भाड्याने द्यायचे काटे सगळे बाहेर गेलेले, यांचा नंबर लागायचा होता. घरपोच एक मागवला, तो यांनी आल्या आल्या तपासला आणि खोटा निघाला म्हणून परत पाठवला. दुसरा कोणी असता तर तोच वापरत बसला असता. पण यांना मिलिग्रॅम साहेब म्हणतात ते काय उगीच.

ते म्हणाले, 'बाळाचा एक काटा मला पूर्ण किमतीने द्या, नाहीतर भाड्याने द्या. बिल करा, बिल भिंतीला लावा.' मी नाही म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. माल तपासायला पुढ्यात पडलेला असताना मी निरीक्षकाला काटा विकला तर उद्या पाटी उतरवावी लागेल, असंही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, 'बरोबर आहे तुमचं. मीही तुमच्या जागी नाहीच म्हटलं असतं.' शहरातले सगळे काटेवाले ज्याच्या हाताखालचे, त्याला घरच्या बाळासाठी एक काटा मिळेना. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी नाहीच म्हणाले असते. पण निदान आवाज खाली आणला असता.

त्यानंतर त्यांनी काटे तपासले आणि एकूण एक नापास केले. सगळे सारख्याच बाजूला चुकत होते. जेवढं ठेवावं त्याच्यापेक्षा जास्त दाखवत होते. म्हणजे सोनं घेणाऱ्याला सोनं कमी गेलं असतं आणि औषधाच्या पुडीत औषध कमी. तीस वर्षांत आमचा एवढा माल एका वेळी नापास झालेला नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, 'काटा मिळाला नाही म्हणून हे चाललंय, दिसतंय मला. इतके दिवस सोवळेपणा मिरवलात, अंगावर आल्यावर कळलं.' हे मी पुढच्या बाकाजवळ, सगळ्यांना ऐकू येईल असं बोलले. आमच्याकडे नियमच तसा आहे.

त्यांनी आमची 'घरची वजनं' मागितली. ज्या पितळी वजनांवर आम्ही बाकीचे काटे जुळवतो त्यांना आम्ही घरची वजनं म्हणतो. ती मखमलीच्या पेटीत असतात, चिमट्याने उचलायची असतात, त्यांना हात लावत नाहीत. पेटी उघडली तर वजनं आरशासारखी लखलखत होती. मला वाटलं, वा, छान दिसतायत. त्यांनी बघितलं आणि हळूच म्हणाले, 'घासलीत कोणीतरी.' घासलं की पितळ झिजतं, वजन हलकं होतं, आणि त्याच्यावर जुळवलेला प्रत्येक काटा चुकतो. हे आमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर आहे आणि ते मला त्यांच्या समोर आठवलं. ते म्हणाले, 'नवी वजनं आणा, शुक्रवारी सगळं पुन्हा बघतो.' कोणी घासली ते त्यांनी विचारलं नाही. मी त्यांची माफी मागायला हवी होती. नाही मागितली. कारागीर बघत होते ना.

वजनं सासूबाईंनी घासली होती. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. रात्री जेवताना त्यांनीच सांगितलं. तपासणीला साहेब येणार, घर कसं स्वच्छ पाहिजे, म्हणून त्यांनी बाक पुसला, पाटी पुसली, आणि पेटी हाताला लागली म्हणून राखेने वजनंही उजळली. त्याच दिवशी कारागिरांनी त्यांच्यावर काटे जुळवले. सासरे असते तर त्यांनी पेटीला हात लावू दिला नसता. मी त्यांना काही बोलले नाही. बोलून काय उपयोग, पितळ परत येणार होतं का. एवढंच म्हणाले की, 'आई, तुमच्यापायी मी त्या माणसाला नको ते बोलले.' त्या म्हणाल्या, 'मी ऐकलं. वरपर्यंत आलं.'

काल सकाळी मी नव्या वजनांच्या खटपटीला बाहेर होते. त्या वेळात काय झालं हे मला आज समजलं. सासूबाईंनी दुकानातला बाळाचा एक नवा काटा खोक्यासकट उचलायला लावला, रिक्षा बोलावली, आणि मांडीवर खोकं घेऊन निरीक्षकांच्या घरी गेल्या. निरीक्षक कचेरीत होते. घरी मुलगी आणि बाळ. सासूबाईंनी काटा टेबलावर मांडला, बाळाला तोललं, मुलीला बटणं समजावली आणि म्हणाल्या, 'बाळाने बाळसं धरलं की परत आणून दे. तुझ्या बाबांना सांग, म्हातारी येऊन गेली.' कारागिराला त्यांनी बजावलं होतं की सूनबाईला सांगितलंस तर बघ. तो बिचारा दोन्हीकडून मार खाणारा, गप्प बसला.

आज सकाळी मी कारखाना उघडत होते. वर जाऊन किल्ल्या आणते तोवर खाली आरडाओरडा सुरू झाला. येऊन बघते तर आमच्या दारात मिलिग्रॅम साहेबांची स्कूटर, मागे दोरीने बांधलेलं आमच्या नावाचं खोकं, आणि कोपऱ्यावरचा काटेवाला मोबाइलवर फोटो काढत ओरडतोय, 'बघा रे, हा यांचा धुतल्या तांदळासारखा साहेब आणि ही यांची संघटना.' गर्दी जमली. पोलीस आले. त्यांनी मला विचारलं आणि मी ते वाक्य सांगितलं. मला खरोखर वाटलं की साहेबांनी कुठूनतरी, कोणाकडूनतरी आमचा माल मिळवलाय. परवा मीच चुकले होते, तरी त्या दिवसाचा राग अंगातून गेला नव्हता.

तेव्हा मिलिग्रॅम साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं की मला काहीच माहीत नाही. 'तुमच्या सासूबाईंनी दिला' एवढे तीन शब्द बोलले असते तरी निम्मं काम झालं असतं. ते बोलले नाहीत. पोलिसांनी विचारलं, कोणी दिला, तर म्हणाले, 'काटा माझ्या ताब्यात मिळालाय, मला घेऊन चला.' आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.

मी वर गेले. सासूबाई अंघोळ करून केस विंचरत होत्या. मी म्हणाले, 'आई, जळली मेली माणसं. याच्यासारखा माणूससुद्धा असा निघाला.' काय झालं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांच्या हातातला कंगवा तसाच राहिला. मग म्हणाल्या, 'अगं, काटा मी नेऊन दिलाय.' मी म्हणाले, 'आई, तुमच्या नवऱ्याने दार काढलं आणि तुम्ही खिडकीतून दिलंत.' तर म्हणाल्या, 'दारातूनच दिलं, दिवसाढवळ्या, रिक्षावाल्यादेखत. घरात एवढंसं बाळ असलं की नियमाला जरा वेळ बाहेर बसवावं लागतं. आणि तू त्याला माझ्या चुकीसाठी बोललीस, ते कोणी फेडायचं?'

विचारल्यावरून सांगते की, काटा परत यायला निघाला होता हे मला दोघांकडून कळलं. आमचा कारागीर तेव्हा दारातच झाडत होता. साहेबांनी स्कूटर लावली, दोरीला हात घातला आणि त्याला विचारलं, 'वहिनी आल्या का खाली? हे द्यायचंय.' तेवढ्यात कोपऱ्यावरून ओरडा झाला. भीतीने तो गर्दीत बोलला नाही, मागाहून मला सांगितलं. आणि ठाण्यात यायच्या आधी मी निरीक्षकांच्या घरी गेले, तिथे त्यांच्या मुलीने सांगितलं की, काल संध्याकाळी घरी आल्यावर काटा बघून ते तिच्यावर रागावले नाहीत, फक्त खोकं शोधायला लागले. ती म्हणाली, 'बाबा, सकाळी एकदा वजन करू आणि मग न्या.' ते म्हणाले, 'नाही बाळा, हा आपला नाही.' त्यामुळे आज सकाळी वजन झालेलं नाही. हे सांगताना ती रडली नाही, बाळाचे पाय चोळत होती. मला मात्र तिथे उभं राहवलं नाही.

विचारल्यावरून हेही सांगते की, येताना रस्त्यात मला आमच्या संघटनेच्या अध्यक्षकाकांचा फोन आला. ते वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, 'वहिनी, माहीत नाही म्हणून सांगा. काटा चोरीला गेला असेल म्हणा. तुमच्या दुकानातून काही गेलं असं एकदा लिहिलं गेलं की संघटनेचा शब्द संपला, कोपऱ्यावरचा तो पाटी उतरवायला शिडी घेऊन येईल.' मी म्हणाले, 'काका, आपण दार काढलं ते लोकांना दिसावं म्हणून. आता दिसतंय ते आपल्याला आवडत नाही, तर दार परत बसवायचं का?' शेवटी ते म्हणाले, 'जपून सांगा.' मी जपूनच सांगतेय. जे जपायचं ते पलीकडच्या खोलीत बसलंय.

हवालदारांनी समज दिली की देणारासुद्धा गुन्हेगार ठरतो, तेव्हा विचार करून बोला. विचार करून सांगते की, काटा आमच्या कारखान्याने दिला. आमच्या घरच्या माणसाने दिला, म्हणजे आम्हीच दिला. निरीक्षकांनी तो उघडपणे विकत मागितला होता, चोरून मागितला नव्हता. मी नाही म्हटल्यावर पुन्हा मागितला नाही. नापास केलेला माल आजही नापासच आहे आणि तो नापासच असायला हवा होता. घासलेली वजनं मी पेटीसकट आणली आहेत, ती तपासून घ्यावीत. देणाऱ्या सासूबाई बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. मी नको म्हणत असताना त्या आल्या आहेत. त्यांना आत घ्यायचं असेल तर घ्या, पण आधी पाणी द्या, जिना उतरून चालत आल्यात. त्यांचं म्हणणं असं की, मला ठेवून घ्या आणि काटा सोडा.

संघटनेचं म्हणाल तर आमची पाटी मीच उतरवून ठेवून आले आहे. नियम आमच्याकडून मोडला, तर शिक्षाही आमच्याचकडून सुरू व्हायला पाहिजे. संघटना ठरवेल तेव्हा परत लावेन. मात्र एक नवीन गोष्ट आजपासून केली आहे. पुढच्या बाकाशेजारी बाळाचा एक काटा उघडा मांडून ठेवायला कारागिरांना सांगितलंय. ज्याच्या घरी बाळ असेल त्याने यावं, तोलून न्यावं. निरीक्षकाचं असो, हवालदारांचं असो, नाहीतर कोपऱ्यावरच्या काटेवाल्याचं. सगळ्यांसाठी उघड्यावर ठेवलेली वस्तू कोणा एकाला दिली असं होत नाही. हे परवाच सुचलं असतं तर आज आपण कोणीच इथे नसतो. नियम पाळताना मी एवढा पुढचा विचार केला नाही, तिथे मी कमी पडले.

जबाब चालू असताना जे घडलं तेही लिहून घ्यावं. निरीक्षकांची मुलगी बाळाला घेऊन वडिलांच्या गोळ्या द्यायला ठाण्यात आली. पलीकडच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, ते मी उघडं ठेवायला सांगितलं. निरीक्षकांनी गोळ्यांकडे बघितलं नाही. 'वजन झालं का?' एवढंच त्यांनी विचारलं. ती म्हणाली, 'कशावर करू, बाबा?' काटा जप्तीच्या मालात हवालदारांच्या टेबलाखाली होता.

तेव्हा हवालदार स्वतःशीच पुटपुटले की, जप्त केलेली वस्तू चालू आहे की बंद हे पंचांसमक्ष लिहावं लागतं, आणि ते सकाळी राहून गेलंय. त्यांनी समोरच्या चहावाल्याला आणि शेजारच्या शिंप्याला पंच म्हणून बोलावलं. काटा टेबलावर ठेवला, चालू केला, आणि मग इकडेतिकडे बघत म्हणाले, 'आता याच्यावर ठेवायला काहीतरी पाहिजे.' सासूबाई बाकावरून कधी उठून आल्या ते मला कळलं नाही. म्हणाल्या, 'आधी दुपटं ठेव, शून्य कर, मग पोर.' मी तसं केलं. बाळ उघडं पडलं म्हणून ओरडलं. ठाण्यातला प्रत्येक माणूस आकड्याकडे बघत होता. एक किलो नऊशे चाळीस.

हवालदारांनी लिहायला पेन टेकवलं तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून निरीक्षक म्हणाले, 'लिहू नका. त्या काट्यावर अजून माझी मोहोर नाही. आकडा ग्राह्य नाही.' मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. मी इतका वेळ रडले नव्हते. ज्याच्या नोकरीचा निकाल त्या काट्यावर लागायचा होता, तो त्याच काट्याचा आकडा नामंजूर करत होता, आणि तोही स्वतःच्या नातीचा.

मुलगी म्हणाली, 'काल आजींनी केलं तेव्हा एकोणीसशे होतं.' निरीक्षकांनी विचारलं, 'याच काट्यावर? दुपटं शून्य करून?' सासूबाई म्हणाल्या, 'मग काय, दुपट्यासकट तोलणारी वाटले का मी?' तेव्हा ते उठून दारापर्यंत आले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, 'काटा चुकत असला तरी दोन्ही दिवशी सारखाच चुकणार. मग आकडा लिहू नका. वाढ लिहा. वाढ चाळीस ग्रॅम, ती खरी.' हवालदारांनी तसंच लिहिलं. मग मी निरीक्षकांसमोर जाऊन परवाच्या बोलण्याची माफी मागितली. मोठ्याने मागितली, सगळ्यांना ऐकू येईल अशी. ते म्हणाले, 'शुक्रवारी वजनं मात्र नवीनच ठेवा.'

एवढा माझा जबाब आहे. हवालदारांनी तो मला सुरुवातीपासून वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'निरीक्षक काटा घेऊन जात असताना मिळून आले' असं आलं होतं. हात सवयीने गेला असं हवालदार म्हणाले. ते खोडून 'काटा परत द्यायला आले असताना' असं करून घेतलं, आणि खाडाखोडीशेजारी सही केली आहे. माझ्या सहीखाली सासूबाईंनीही सही केली आहे. त्यांना कोणी करायला सांगितली नव्हती. बाकी मी बोलले तसंच लिहिलं आहे आणि ते खरं आहे.